द्वारा पोस्टमास्तर

कोकणातल्या आमच्या घराच्या ओटीवरून निघून, खळे ओलांडून, विहिरीपर्यंत चालत गेले तर वाटेत माझा पत्ता पाच वेळा बदलतो. अंतर जेमतेम वीस मीटरांचे आहे. गेल्या दिवाळीत फोन हातात धरून मी हा उद्योग करत होते, आणि ओटीवर तांदूळ निवडत बसलेली आई, मला रेंज मिळत नसावी अशा समजुतीने, "अगो, गडग्यावर चढ, तिकडे लागतो" असे सांगत होती. मी रेंज शोधत नव्हते. टपाल खात्याने 27 मे 2025 रोजी सर्वांसाठी खुला केलेला 'डिजिपिन', म्हणजे जागेचा दहा चिन्हांचा डिजिटल पत्ता, आमच्या घराला कोणता मिळाला आहे, ते मी पाहत होते. ओटीचा एक होता, तुळशीवृंदावनाचा दुसरा होता, विहिरीचा तिसराच होता. आणि फोनचे स्वतःचे चुकणेही पाच-दहा मीटरांचे असल्यामुळे विहिरीच्या काठावर उभी असताना तो मला मधूनच शेजारच्यांच्या आगरात नेऊन उभे करत होता.

डिजिपिन कोणी कोणाला देत नाही, ही त्याची पहिली समजून घेण्याजोगी गोष्ट आहे. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने टपाल खात्याने तो बसवला, पण बसवला म्हणजे गणित मांडले, इतकेच. अडीच ते साडेअडतीस उत्तर अक्षांश आणि साडेत्रेसष्ट ते साडेनव्याण्णव पूर्व रेखांश असा छत्तीस अंशांचा एक मोठा चौकोन भारतावर आणि भोवतालच्या समुद्रावर टाकायचा, त्याचे सोळा भाग करायचे, प्रत्येक भागाला एक चिन्ह द्यायचे, मग त्या भागाचे पुन्हा सोळा भाग करायचे, आणि असे दहा वेळा करत गेल्यावर हाती जो चौकोन उरतो, तो सुमारे पावणेचार मीटर लांब-रुंद असतो. असे एक लाख कोटींहून अधिक चौकोन पडतात. त्यांतल्या बहुसंख्यांवर कधी कोणाचे पत्र येणार नाही, कारण तिथे समुद्र आहे, रान आहे, नाहीतर दुसऱ्या कोणाचा देश आहे. तरीही त्यांचे क्रमांक कोणी मागण्यापूर्वीच ठरलेले आहेत. आमच्या भागातले क्रमांक 'चार-जे-चार' असे सुरू होतात. राजापूर, लांजे आणि रत्नागिरी शहर ही सगळी त्या एका तुकड्यात बसतात.

त्या पहिल्या चाराचे मला आधी अप्रूप वाटले, कारण आमचा जुना पिनकोडही चारानेच सुरू होतो. पिनकोडमधला तो चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा टपाल विभाग. तो माणसांनी, राज्यांच्या सीमा समोर ठेवून पाडलेला आहे. डिजिपिनमधल्या चाराला राज्य ठाऊक नाही. तो साडेअकरा ते साडेवीस अक्षांशांच्या दरम्यान आडवा-उभा पसरलेला आहे, म्हणून त्यात मुंबई आणि पुणे येतात तशी हैदराबाद, बेंगळुरू आणि चेन्नईही येतात; आणि साडेवीस अक्षांशांची रेघ नाशिक जिल्ह्यातून जात असल्यामुळे नाशिक शहर चारामध्ये राहते, तर त्याच जिल्ह्यातले मालेगाव तिनामध्ये, म्हणजे नागपूर आणि थेट दिल्लीच्या पंक्तीला जाऊन बसते. हे कळल्यावर मी बराच वेळ नकाशावर बोट फिरवत बसले होते. शेकडो वर्षे भांडून ठरवलेल्या सीमांना इतक्या थंडपणे ओलांडणारी रेघ क्वचितच पाहायला मिळते.

ही दहा चिन्हे सोळांतून घेतलेली असतात, दोन ते नऊ हे आठ आकडे आणि रोमन लिपीतली आठ अक्षरे, आणि त्या आठ अक्षरांत एकही स्वर नाही. शून्य आणि ओ, किंवा एक आणि आय, यांचा घोटाळा होऊ नये हे त्यामागचे एक उघड कारण दिसते. पण परिणाम असा झाला आहे की या क्रमांकातून चुकूनसुद्धा एखादा शब्द तयार होत नाही. स्वराच्या आधाराशिवाय व्यंजनाचा उच्चार होत नाही, हे आपण शाळेत शिकलो. डिजिपिन हा अशा अर्थाने मुका पत्ता आहे. तो यंत्राला वाचता येतो, माणसाला फारसा नाही, आणि सुरुवातीला मला ती त्याची उणीव वाटली.

उणीव वाटण्याचे कारण माझ्या घरातच होते. माझे वडील आमच्या गावचे शाखा डाकपाल होते, आणि खेड्यांतल्या पुष्कळ शाखांप्रमाणे आमचे टपाल कार्यालयही आमच्याच ओटीवर भरत असे. एक टेबल, शिक्क्यांचे पॅड, वजनाचा तराजू, भिंतीला लावलेली लाल पेटी आणि टपालाची वर्गवारी करण्यासाठी खणांची एक लाकडी मांडणी, एवढाच त्याचा पसारा होता. तालुक्याहून थैली यायची, बाबा ती टेबलावर उलटी करायचे आणि आम्हा मुलांना पत्ते वाचायला बसवायचे. मी मराठी वाचायला शिकले ती बऱ्याच अंशी पाकिटांवर आणि मनीऑर्डरींच्या फॉर्मांवर. पाठवणाराचा पत्ता बहुधा गिरणगावातला असे: खोली नंबर, मजला, चाळीचे नाव, लालबाग, मुंबई 12. पिनकोड येऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती, तरी चाकरमानी '400012' असे न लिहिता नुसते 'मुंबई 12' लिहीत, आणि त्याने काही अडत नसे, कारण मुंबईच्या जुन्या विभागांचे आकडे नव्या पिनकोडने शेवटी तसेच ठेवले होते.

तो पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला आणि त्याची आखणी केली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव असलेले हे मराठी गृहस्थ संस्कृतातले कवी होते. बाबांना याचा फार अभिमान होता. एकाच नावाची गावे आणि अनेक लिप्यांतले हस्ताक्षर यांमुळे पत्रे भलतीकडे जात. त्यावर वेलणकरांनी सहा अंकांचा उपाय काढला, पण तो टपाल कार्यालयाच्या उंबऱ्याशीच थांबवला. देशभरात सुमारे 19,000 पिनकोड आहेत आणि टपाल कार्यालये त्याच्या आठपटीहून अधिक, म्हणजे एकेका पिनकोडखाली कितीतरी गावे आणि हजारो घरे येतात. उंबऱ्यापासून पुढचे काम माणसाच्या डोक्यावर सोडलेले होते. आमच्या गावात ते बाबांच्या आणि पोस्टमनच्या डोक्यावर होते.

आणि ते डोके वाड्यांनुसार चाले. मांडणीला सहा खण होते. पाचांवर बाबांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या: वरचीवाडी, मधलीवाडी, कुंभारवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला. कोकणातल्या कोणत्याही माणसाला या पाच शब्दांतून नुसती जागा कळत नाही. पाकीट वाचता येऊ लागले तेव्हापासून, म्हणजे वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून, पत्त्याची दुसरी ओळ वाचली की माणसाची जात मला कळत असे, आणि ती मला कोणी शिकवल्याचे आठवत नाही. आम्ही वरचीवाडीतले. आमची वाडी पत्त्यात लिहायला आम्हाला कधी संकोच वाटला नाही, आणि संकोच न वाटणे हीसुद्धा एक मिळकत असते, हे मला फार उशिरा उमगले.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून त्यांना समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. फक्त ज्यांना वाचायचे आहे ते नवी नावेही पंधरा दिवसांत वाचायला शिकतात, हे आपण सगळेच जाणतो. शब्दाने लिहिलेला पत्ता जागेबरोबर माणसालाही उघडा करतो, आणि हे एका विशिष्ट शब्दामुळे होत नाही, शब्द असल्यामुळे होते. पावणेचार मीटरांच्या चौकोनाला जात नसते. त्याचे मुकेपण मला उणीव वाटत होते; ते कोणाला किती हवेसे वाटेल, याचा विचार मी वरचीवाडीच्या ओटीवर बसून केला नव्हता.

सहाव्या खणावर पट्टी नव्हती. खालच्या वस्तीतला एक मुलगा मुंबईत शिकायला होता, आणि सुट्टीत गावी आला की त्याला महाविद्यालयातल्या मित्रांची पत्रे येत. त्या पत्रांवर त्याच्या वाडीचे नाव कधीही नसे. त्याचे नाव, त्याखाली 'द्वारा पोस्टमास्तर', मग मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, बस. मी एकदा ते पाकीट त्याच्या वाडीच्या खणात टाकले, मला वाटले मी हुशारी केली. बाबांनी काही न बोलता ते उचलले आणि सहाव्या खणात ठेवले. दुपारी तो मुलगा स्वतः येऊन ते घेऊन गेला. त्याने बाबांना तसे विचारले होते की बाबांनीच त्याला सुचवले होते, हे मला माहीत नाही. दोघांपैकी कोणीही त्याबद्दल माझ्यादेखत एक शब्द बोलला नाही.

गेले वर्षभर मी या विषयावर जे वाचते आहे, ते वाचताना मला वारंवार तो सहावा खण दिसतो. डिजिपिनच्या पाठोपाठ, 2025 मध्येच, टपाल खात्याने 'ध्रुव' नावाचा आराखडा मांडला. त्यातली कल्पना अशी की प्रत्येकाने आपल्या पत्त्यासाठी एक सोपे, लक्षात राहणारे नाव घ्यावे. आपण यूपीआयसाठी घेतो तसे, 'अमुक ॲट ध्रुव' अशा धाटणीचे. दुकानदाराला, कुरियरवाल्याला, बँकेला फक्त ते नाव द्यायचे. त्यामागे खरा पत्ता आणि डिजिपिन असेल, पण तो कोणाला, किती काळासाठी दिसावा, हे नावाच्या धन्याच्या संमतीवर ठरेल. घर बदलले तर आतला पत्ता बदलायचा, नाव तेच राहील. आराखडा प्रत्यक्षात कसा उतरेल ते उतरल्यावर कळेल, पण त्यातली मुख्य वाटणी मला पटते. जागेचा क्रमांक सर्वांचा, म्हणजे कोणाचाच नाही, आणि मुका. पत्त्याचे नाव एकाच माणसाचे, त्याने स्वतः ठेवलेले, आणि वाचता येणारे. 'द्वारा पोस्टमास्तर' हे तरी दुसरे काय होते? जागा न सांगता पोचण्याची सोय.

या योजनेचे नाव ज्यांनी 'ध्रुव' ठेवले, त्यांनी बहुधा लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवताना ते ठेवले असावे, पण त्यांच्या हातून मोठी गोष्ट होऊन गेली आहे. ध्रुवाची कथा मुळात पत्त्याचीच कथा आहे. बापाच्या मांडीवर बसलेल्या पोराला सावत्र आई खाली उतरवते, आणि ते पोर जिथून कोणीही उठवू शकणार नाही अशी जागा मागायला रानात जाते. अढळपद हा शब्द आपण आता नटांना आणि क्रिकेटपटूंना वापरून गुळगुळीत केला आहे. त्याचा मूळ अर्थ, जिथून कोणी हुसकणार नाही असा ठिकाणा, इतका साधा आहे. आणि आपल्याकडच्या लग्नविधीत नवरीला ध्रुवदर्शन करवतात, तू याच्यासारखी स्थिर हो म्हणून सांगतात, ते नेमके कधी? तिचे आडनाव, गाव आणि पत्ता ज्या दिवशी बदलतात, त्याच दिवशी. माझ्या लग्नात ढगांमुळे तारा दिसलाच नाही, भटजींनी उत्तरेकडे बोट केले आणि आम्ही नमस्कार केला. त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत मी नऊ पत्ते बदलले, आणि त्यांतल्या निम्म्यांवर माझ्या नावापुढे कोणाचे तरी 'द्वारा' होते: वडील, सासरे, नवरा, एकदा घरमालकीण.

अर्थात आकाशातला ध्रुवही अढळ नाही. पृथ्वीचा आस सुमारे 26,000 वर्षांच्या फेरीत डोलत असल्यामुळे उत्तरेच्या त्या जागी तारे बदलत राहतात. आणि जमिनीला तरी आपण 'स्थावर' कशाच्या जोरावर म्हणतो? भारताचा भूखंड दरवर्षी सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे, तर डिजिपिनचे चौकोन जगाच्या अक्षांश-रेखांशांवर खिळलेले आहेत. म्हणजे कोणी जागचे हलले नाही तरी शतकभरात आमची विहीर आपोआप शेजारच्या चौकोनात जाईल. शेजाऱ्यांना हे मी अजून सांगितलेले नाही. गडग्यावरून चालू असलेला वाद आधीच पुरेसा जुना आहे.

मालकीचा विषय निघालाच आहे तर आमच्या घराचे सांगते. घराखालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तेवीस नावे आहेत. पणजोबांचे एक, मग त्यांच्या मुलांची, त्यांच्या मुलांची, काही मुंबईत, एक बडोद्याला, दोघे हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये दिला, म्हणून बाबांमागे झालेल्या फेरफारात माझे नाव त्यात चढले. पण एक कौल बदलायचा झाला तरी बावीस जणांना फोन करावे लागतात, तेव्हा या मालकीचा उपभोग कसा घ्यायचा असतो, ते मला कोणी सांगितलेले नाही. गावठाणातल्या घरांचे ड्रोनने मोजमाप करून सनद देणारी 'स्वामित्व' योजना 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाली, तिचे मोल मी जाणते. पण जागेची मालकी आणि पत्त्याची मालकी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि डिजिपिनमुळे किंवा उद्या येणाऱ्या नावामुळे सातबाऱ्यावरची एक ओळही इकडची तिकडे होणार नाही. ज्याच्याकडे जागाच नाही, त्याला पत्त्याची गरज जास्त असते. दिवाळीनंतर बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचा सहा महिन्यांचा ठिकाणा फडातल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असतो. त्या कोपीला डिजिपिन आहे, तो कुठल्याही बंगल्याच्या डिजिपिनाइतकाच दहा चिन्हांचा आहे. आणि कोपीबरोबर हलणारे एक नाव त्या बाईच्या स्वतःच्या हाती असेल, तर रेशनचे किंवा औषधाचे काहीतरी तिच्यापर्यंत येण्याची निदान शक्यता उरते.

खासगी कंपन्यांनी हे आधी करून पाहिले आहे. लंडनच्या 'व्हॉट थ्री वर्ड्स' कंपनीने 2013 पासून सगळी पृथ्वी तीन मीटरांच्या चौकोनांत कापली आणि प्रत्येक चौकोनाला तीन शब्द दिले. मंगोलियाच्या टपाल खात्याने 2016 मध्ये ती पद्धत स्वीकारली, कारण भटक्या पशुपालकांच्या तंबूंना घर नंबर कुठून असणार? कल्पना मोहक आहे. पण कोणत्या चौकोनाला कोणते शब्द, हे ठरवणारी किल्ली कंपनीच्या खिशात राहते, आणि शब्द पाडणारे तुम्ही नसता. शिवाय मराठीत फोनवरून तीन सुटे शब्द सांगायचे म्हटले की मला 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' आठवतात. गुगलने काढलेले 'प्लस कोड' या बाबतीत मोकळे आहेत, त्यांचे गणित कोणालाही वापरता येते, आणि पुण्या-कोल्हापुरातल्या काही वस्त्यांत एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने ते दारांवर लागलेही. मात्र तेही डिजिपिनसारखेच मुके आहेत. उंच इमारतींपुढे तर तिन्ही पद्धतींची दांडी उडते. लालबागच्या चाळी पाडून जे मनोरे उभे राहिले आहेत, त्यांतल्या पस्तिसाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराचा आणि तळमजल्यावरच्या पंपाच्या खोलीचा चौकोन एकच असू शकतो.

मला काळजी वाटते ती निराळीच. नावे थोडी आहेत आणि माणसे फार आहेत. माझ्या नावाच्या आणि आडनावाच्या बायका एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात शेकड्यांनी सापडतील, आणि ईमेलच्या वेळी झाले तेच पुन्हा झाले, तर आधी पोचलेली नाव घेऊन जाईल आणि बाकीच्या नावापुढे जन्मसाल लावत बसतील. शहरात ज्यांच्या हातात आधी फोन आले, त्यांना सरळ नावे मिळतील आणि कोपीतल्या बाईच्या वाट्याला शेपूट लावलेले काहीतरी येईल. म्हणजे वाचता येणाऱ्या पत्त्यावरून पुन्हा माणूस वाचता येऊ लागेल. या बाबतीत नियम काय असावेत, यावर माझे काही ठाम मत आहे, पण ते एवढेच आहे की नाव विकता येऊ नये आणि ज्याने ते सोडले त्याच्यामागे ते लगेच दुसऱ्याला मिळू नये. मेलेल्या माणसाच्या नावाने आलेली पत्रे बाबा वर्षभर परत पाठवत नसत. घरचे कोणीतरी येईल म्हणत.

दिवाळीत आईला मी ध्रुवाचे सगळे समजावून सांगितले. तिने लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, "मग मी काय नाव घेऊ?" मी तिला तिचेच नाव सुचवले. ते तिला फारसे रुचले नाही. ते नाव लग्नात ठेवलेले होते, माहेरचे नाव वेगळे होते, आणि कोणते घ्यायचे यावर तिचा निर्णय व्हायला चार दिवस लागले. तिने माहेरचे घेतले. म्हणजे घ्यायचे ठरवले आहे. नोंदणी सुरू झाली की मी भरायचा आहे तो अर्ज.

टपाल कार्यालय बाबांच्या निवृत्तीनंतर मधल्यावाडीत गेले, टेबल आणि तराजू खात्याचे होते ते परत गेले. खणांची मांडणी घरची होती, बाबांनी स्वतः सुताराकडून करून घेतलेली, ती ओटीवर तशीच आहे. पाच पट्ट्या अजून वाचता येतात, बौद्धवाडीची जरा वाळवीने खाल्ली आहे. सहाव्या खणात आई विजेची बिले ठेवते.